पहिलं बाळंतपण माहेरी, मग मातृवंदनेचा अर्ज कुठे?

कोकणात पहिलं बाळंतपण अजून माहेरीच होतं. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी गुहागरहून राजापूरला येते. नवरा मुंबईला, रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर, आणि बँकेचं पासबुक कॉलेजात असताना काढलेलं. गरोदर आणि बाळंत बायकांना मिळणारे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे आमच्याकडे पात्रता नाही म्हणून फार क्वचित अडतात. कागद चार गावांत विखुरलेले असतात, तिथे घोडं अडतं.

पैसे किती, ते आधी. पहिल्या अपत्याला ५००० रुपये: ३००० आणि २००० असे दोन हप्ते. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६००० एकरकमी. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. २०१७ साली तीन हप्ते होते, ते आता विसरा. १ एप्रिल २०२२ पासून ही नवी रचना आहे. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं, तर पुढच्या खेपेला ती बाई नव्यानेच लाभार्थी धरली जाते. ही गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते आणि विचारायला संकोच वाटतो, म्हणून मुद्दाम लिहिली.

पात्रतेसाठी एकच पुरावा पुरतो. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधी घेणारी शेतकरी महिला, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यातलं काहीही. यातलं काहीच नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा स्वतःही यात बसतात. कायम सरकारी नोकरीतल्या बायका बसत नाहीत. मासळी विकणाऱ्या किंवा काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांना ई-श्रम कार्ड सगळ्यात सोयीचं पडतं. रेशनकार्ड जोडणार असाल तर नुसत्या केशरी रंगावर जाऊ नका. आतल्या पानावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे का, आणि सुनेचं नाव चढलंय का, हे बघा. लग्नाला दोन वर्षं झाली तरी नाव माहेरच्याच कार्डात, हे घरोघरी दिसतं. माहेरी नाव कमी केल्याचा दाखला घेतल्याशिवाय सासरी ते चढत नाही.

अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविका भरून देतात. योजनेच्या पोर्टलवर स्वतःही भरता येतो. सासरीच भरला पाहिजे असं नाही, माहेरी भरलेलाही चालतो. मात्र एकाच ठिकाणी भरा. सोबत लागतं ते आईचं आधार, पात्रतेचा पुरावा, मोबाइल नंबर आणि माता-बाल संरक्षण कार्ड. नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही. माता-बाल कार्ड माहेरी येताना पिशवीत आधी टाकायचं, लाडू मागाहून. शेवटच्या पाळीची तारीख, नोंदणी, तपासण्या, सगळं त्याच कार्डावर असतं. पहिल्या हप्त्यासाठी गरोदरपणाची नोंद आणि पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत निदान एक तपासणी झालेली हवी. म्हणून ‘माहेरी गेल्यावर दाखवू’ म्हणत थांबू नये.

दुसऱ्या हप्त्यासाठी बाळाचा जन्मदाखला आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या बायका अडचणीच्या वेळी गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. त्यांचा दाखला गोव्याचा असतो आणि तो चालतो. फक्त घरी परतण्याआधी तो हातात घ्या, नाहीतर एका कागदासाठी पुन्हा एसटी. अर्जाला उशीर झाला असेल तरी बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांपर्यंत वेळ असतो.

आता बँक. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातात असा समज आहे. प्रत्यक्षात ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. आमच्या वाडीतल्या एका सुनेचा हप्ता आठ महिने ‘जमा’ दिसत होता आणि पासबुकात शून्य. शेवटी उलगडलं. शिष्यवृत्तीसाठी बारावीत काढलेलं खातं आधारला जोडलेलं होतं आणि ते पासबुक माहेरच्या फडताळात, जुन्या वह्यांखाली. कोणतं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर किंवा बँकेत आधीच बघून घ्या.

गावात हल्ली प्रत्येक गोष्टीसाठी आमदारांचं पत्र आणायची सवय लागलीय. या अर्जाला कोणाचंच शिफारसपत्र लागत नाही. हप्ता अडला तर आधी ज्यांनी अर्ज भरला त्या ताईंकडे, मग तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. आमदारांकडे जायचंच तर अंगणवाडीचं गळकं छप्पर घेऊन जा, तिथे त्यांचा स्थानिक विकास निधी कामाला येतो. गरोदर बाईचा अंगणवाडीतला पोषण आहारही माहेरी मिळू शकतो. सासरच्या सेविकेला सांगितलं की पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमधलं नाव माहेरच्या अंगणवाडीत हलवता येतं.

आणि मोबाइल नंबर बाईचा स्वतःचा द्या. नवऱ्याचा दिला की ओटीपी विरारच्या लोकलमध्ये वाजतो आणि इकडे सेविका टॅब धरून ओसरीवर बसलेली.