‘फुल्ली ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमके काय? घरगुती एस्प्रेसो यंत्राची पार्श्वभूमी

मुंबईतल्या लग्नाच्या हॉलमध्ये जेवणानंतर मिळणारी ‘एक्स्प्रेसो’ ज्यांनी प्यायली आहे, त्यांच्या मनात या पेयाचे चित्र पक्के असते. दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी यांत वाफेची नळी बुडवून फेस आणायचा आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरवायची. चव उत्तमच; पण ते यंत्र वाफ सोडत होते, दळलेल्या कॉफीतून दाबाने पाणी ढकलत नव्हते, म्हणजे एस्प्रेसो करतच नव्हते. त्यामुळे हजारो रुपये मोजून आणलेल्या खऱ्या एस्प्रेसो यंत्राने बटण दाबल्यावर कपाच्या तळाशी जेमतेम ३० मिलिलिटर कडू, काळा द्रव सोडला, की ‘मशीन बिघडलेले आले’ असा फोन दुकानात जातो.

मूळ इतिहास इटलीतला आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. १९०१ साली मिलानमध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात केवळ वाफेचा, दीड-दोन बारचा (बार हे दाबाचे एकक) दाब होता. दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंगचा दांडा आला, दाब कैक पटींनी वाढला आणि कॉफीवर तो तांबूस फेसाचा थर पहिल्यांदा दिसू लागला. १९६१ मध्ये दांड्याची जागा विजेच्या पंपाने घेतली आणि ९ बार हे प्रमाण रूढ झाले.

शब्दाचा घोळ इथून पुढे होतो. ठरावीक पाणी गेल्यावर पंप आपोआप बंद करणारी यंत्रे कॅफेंमध्ये आली, तेव्हा त्यांना ‘ऑटोमॅटिक’ म्हणू लागले. दळणे, पूड दाबून बसवणे आणि चोथा ठोकून काढणे ही कामे माणसाकडेच राहिली. १९८५ मध्ये बोलोन्याजवळच्या डोंगराळ भागातल्या एका कारखान्याने बिया दळण्यापासून चोथा टाकण्यापर्यंत सर्व काही पोटात करणारे घरगुती यंत्र काढले, तेव्हा साधा शब्द आधीच खर्ची पडला होता, म्हणून त्यामागे ‘सुपर’ लावावे लागले. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधून कॅप्सूलची यंत्रे आली. त्यांत दळणे नाहीच, तरी बाजार त्यांनाही ऑटोमॅटिकच म्हणतो. आपल्याकडे ‘सुपर’ गळून पडले आणि ‘फुल्ली’ आले. माझ्या मते हा शब्द कॉफीच्या जगातून आलेला नसून कपडे धुण्याच्या यंत्रांच्या दुकानातून आला आहे. ‘सेमी’ म्हणजे कपडे एका टबातून दुसऱ्या टबात टाकायचे, ‘फुल्ली’ म्हणजे बटण दाबून कामावर निघून जायचे, ही समजूत मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत इतकी रुजली आहे की, कॉफीच्या यंत्राच्या खोक्यावर तोच शब्द वाचणारा गिऱ्हाईक तेच वचन ऐकतो. ते वचन यंत्र पाळत नाही. काही कप झाले की चोथ्याचा डबा भरतो, आणि सुरू होताना व बंद होताना नळ्या धुण्यासाठी सोडलेल्या पाण्याने खालचा ट्रे भरतो. नेमके सकाळी जेवणाचे डबे भरण्याच्या घाईत तो ट्रे ओतावा लागतो. खोक्यावरच्या ‘१५ बार’बद्दल एवढेच, की ती छोट्या पंपाची कमाल क्षमता असते, कॉफीला लागतात ते ९ बारच.

मुंबईत कॉफी नवीन नव्हती. चर्चगेटला १९३६ साली कॉफी हाऊस उघडले होते आणि माटुंग्यात चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळून ताजी पूड दळून देणारी दुकाने कित्येक पिढ्या चालत आली आहेत. परंतु बागायतदारांना आपले पीक सरकारी मंडळाकडेच जमा करावे लागत असे. ते बंधन १९९०च्या दशकात टप्प्याटप्प्याने सुटले, १९९६ पर्यंत पूर्ण गेले, आणि चिकमगळूर व कोडगूच्या बागांना आपल्या नावाने माल विकता येऊ लागला. २०१२ च्या ऑक्टोबरात हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स या परदेशी साखळीचे भारतातले पहिले दुकान उघडले, त्याची गर्दी सर्वांना आठवते; घरगुती यंत्राच्या दृष्टीने मात्र त्या गर्दीपेक्षा भाजलेल्या अख्ख्या बिया घरपोच मिळू लागणे महत्त्वाचे होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कॅफे बंद झाले आणि ओट्यावर यंत्र ठेवण्याचा विचार अनेकांना प्रथमच गंभीरपणे करावासा वाटला.

ओट्यावर आल्यावर पहिला प्रश्न प्लगचा. सुमारे १४५० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सहा अँपिअरहून थोडी जास्तच वीज ओढते, म्हणजे त्याला मोठा पॉवर पॉइंट हवा, आणि जुन्या इमारतींतल्या स्वयंपाकघरात तो बहुधा एकच असून मायक्रोवेव्हने अडवलेला असतो. अमेरिकेहून बॅगेतून आणलेल्या १२० व्होल्टच्या यंत्राची कथा तर प्लग लावताच संपते. भातसा-तानसा तलावांचे नळाला येणारे पाणी मृदू आहे, टँकरचे किंवा बोअरचे बहुधा जड, म्हणजे क्षारांचे. यंत्र मात्र आपण सेटिंगमध्ये सांगितलेल्या जडपणाच्या पातळीप्रमाणे लिटर मोजून क्षार काढण्याचा दिवा लावते, त्यामुळे टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत सेटिंग तसेच ठेवले तर दिवा लागण्याआधीच नळ्यांत थर बसतो. माटुंग्याची चिकोरीमिश्रित पूड वरच्या झाकणातून घालण्याचा मोहही महागात पडतो, कारण चिकोरी ओली झाली की चिकट होते आणि जाळी तुंबते.

खरा वाद आतल्या ब्रू युनिटचा, म्हणजे जिथे पूड दाबली जाते आणि तिच्यातून पाणी ढकलले जाते त्या भागाचा आहे. काही कारखाने ते बाहेर काढून नळाखाली धुता येईल असे करतात. काही ते आतच बंद ठेवतात आणि साफसफाईची गोळी टाकायला सांगतात. बंद रचनेच्या बाजूचा युक्तिवाद असा, की घरच्या हाताळणीत सुटे भाग चुकीचे बसतात किंवा मोडतात, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण गोळी नळ्यांतले तेल धुते, कोपऱ्यात सांडलेली पूड नाही, आणि जुलैच्या दमट हवेत त्या पुडीला आठवड्याभरात बुरशी धरते. दादरच्या एका परिचित घरी रात्री ते युनिट काढून, धुऊन, उपड्या घातलेल्या डब्यांच्या रांगेत निथळायला ठेवतात. सकाळी ते परत बसवताना ‘टक्’ असा आवाज आला नाही, तर यंत्र सुरूच होत नाही.