युरोरॅक पॅचमधील दोषशोध

युरोरॅक प्रकारच्या मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारा), फिल्टर (सुरातला काही भाग गाळणारा), मिक्सर अशी मॉड्यूल केबलींनी जोडून जी रचना होते तिला पॅच म्हणतात. जर्मनीतील डोएप्फर कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यात आणलेल्या ए-१०० प्रणालीमुळे हा प्रकार रूढ झाला. ध्वनी, गेट (नोट कधी सुरू होते आणि कधी संपते ते सांगणारा संकेत) आणि नियंत्रणाचे व्होल्टेज ही तिन्ही ३.५ मिमीच्या एकाच जातीच्या जॅकमधून जातात. म्हणून कोणतीही केबल कुठेही बसते आणि चुकीची जोडणी डोळ्यांना सहज दिसत नाही.

आवाज येत नसेल तर आधी ऑसिलेटरची केबल थेट शेवटच्या मिक्सरला लावावी. वाजला, तर केबल, मिक्सर आणि स्पीकर ठीक आहेत. मग मधली मॉड्यूल एकेक करून परत आणावीत. एका वेळी एकच केबल हलवावी, नाहीतर दोष कशाने गेला ते कळत नाही.

बहुतेक वेळा दोष व्हीसीएपाशी सापडतो. व्हीसीए म्हणजे व्होल्टेजवर चालणारा आवाजाचा नियंत्रक. नियंत्रण शून्य व्होल्ट असेल तर तो बंदच असतो. एन्व्हलपची (प्रत्येक नोटचा चढ-उतार ठरवणारे व्होल्टेज देणाऱ्या मॉड्यूलची) केबल काढून व्हीसीएच्या गेनचा, म्हणजे मूळ पातळीचा, नॉब हाताने फिरवावा. आवाज आला तर ध्वनीची वाट मोकळी आहे: एन्व्हलपला गेट पोचत नसेल किंवा वाटेतला ॲटेन्युएटर (पातळी कमी करणारा नॉब) शून्यावर असेल. उलट नोट संपल्यावरही सूर झिरपत राहिला, तर गेन किंचित उघडा राहिलेला असतो किंवा एन्व्हलप शून्यापर्यंत उतरत नसतो. सुरुवातीला टक्‌ असा आवाज येत असेल तर एन्व्हलपचा अटॅक (चढायला लागणारा वेळ) दोन-तीन मिलिसेकंदांनी वाढवावा.

एन्व्हलप ५ व्होल्टचा आणि व्हीसीए पूर्ण उघडायला ८ व्होल्ट लागत असतील, तर आवाज दबका राहतो. एक्स्पोनेन्शियल, म्हणजे व्होल्टेजगणिक पातळी पटीत वाढवणाऱ्या, व्हीसीएमध्ये हा फरक फार जाणवतो. तरीही ध्वनीसाठी तोच कानाला नैसर्गिक वाटतो. नियंत्रणाच्या व्होल्टेजसाठी मात्र लिनिअर, म्हणजे सरळ प्रमाणात वाढवणारा, घ्यावा.

युरोरॅकचा ध्वनी साधारण १० व्होल्ट (शिखर ते शिखर) असतो. असे तीन ऑसिलेटर पूर्ण पातळीवर एकत्र केले तर बेरीज ३० व्होल्टपर्यंत जाते. पुरवठा ±१२ व्होल्टचाच असल्याने लाटेचे माथे कापले जातात. ही फाटलेली लाट पुढे तिची पातळी कितीही कमी केली तरी दुरुस्त होत नाही, त्यामुळे पातळी मिक्सरच्या आधीच कमी करावी. घरगुती ध्वनी उपकरणांमधली नेहमीची (लाइन) पातळी एक व्होल्टच्याही आत असते. तेव्हा ऑडिओ इंटरफेसला (ध्वनी संगणकात नेणाऱ्या उपकरणाला) जोडण्यापूर्वी सुमारे २० डेसिबल उतरवावे लागतात, त्यासाठी आउटपुट मॉड्यूल असते.

दोन आउटपुट पॅसिव्ह मल्टिपलने (जॅक नुसते एकमेकांना जोडणाऱ्या मॉड्यूलने) एकत्र करू नयेत. ते एकमेकांना खाली ओढतात. तिथे मिक्सरच हवा. आउटपुट मॉड्यूलच्या हेडफोन जॅकमधून स्टिरिओ केबलने इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांमधला फरकच घेणाऱ्या) गेल्यास दोन्ही बाजूंचा समान ध्वनी वजा होतो. मीटर हलतो, पण मधोमध असलेला बेस जवळपास नाहीसा होतो.