फोन जितका जवळ, तितका फोटो स्पष्ट? छे!

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या मसालेदार सॉसेजच्या, माळांना फोन जवळजवळ टेकवून उभे असलेले पर्यटक हमखास दिसतात. फोन जितका जवळ नेऊ तितके बारकावे जास्त येतात, ही समजूत काही जाता जात नाही.

प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं. त्याच्या आत शिरलात की फोकस बसतच नाही. बऱ्याच महागड्या फोनमध्ये तर सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, मोठा असल्यामुळे मुख्य कॅमेऱ्याला साधारण वीतभर अंतर लागतं. आणखी जवळ गेलात की फोन गुपचूप अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या, लेन्सवर जातो. २०२१ मध्ये आलेला आयफोन १३ प्रो याच लेन्सने २ सेंटिमीटरवरून फोटो काढतो. पण तिचा सेन्सर लहान, त्यामुळे ताडपत्रीखालच्या अंधुक उजेडात फोटोत दाणेदार ठिपके दिसू लागतात. शिवाय फोनची स्वतःचीच सावली मालावर पडते, ती वेगळीच. आणि जवळून फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, इतकी कमी होते, की सुक्या मिरचीचं देठ धारदार दिसतं आणि टोक धूसर.

त्यापेक्षा हातभर मागे या, दुप्पट झूम करा, नको तेवढं नंतर कापा. फ्लॅश मात्र बंदच ठेवा. तेलकट चोरीसवर नुसते पांढरे डाग उमटतात. निळ्या ताडपत्रीखाली लाल मिरची मळकट दिसत असेल, तर उघड्या उजेडातला ढीग शोधा. आणि विक्रेत्या बाईंना आधी विचारा. गिऱ्हाइकाच्या आड येणारा फोन कुणालाच आवडत नाही.