नव्या रायफलचा जड बोल्ट आणि पेस्टचा वाद: पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात परवान्यावर नवी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली, तर ती बहुधा ३१५ बोअरचीच असते. पहिल्याच दिवशी मालकाची तक्रार येते की बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा, जड जातो. मग कुणीतरी तो घासून मोकळा करायला खरखरीत कणांची पेस्ट लावायला सांगतं.

३१५ ची घडण ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफील्ड रायफलीवर बेतलेली आहे. ब्रिटिश राजवटीत ३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना वर्ज्य झालं, तेव्हा त्याच सांगाड्यावर वेगळ्या काडतुसाची रायफल निघाली. लष्करात प्रत्येक बोल्ट त्या-त्या रायफलीला जुळवून बसवत आणि त्यावर तिचाच क्रमांक ठोकत. बोल्टला जागेवर अडवणारे दोन्ही लग, म्हणजे उंचवटे, सारखे टेकतात की नाही हे आर्मरर (लष्करातला शस्त्र-कारागीर) पाहायचा. बोल्ट मोकळा करायचं पुढचं काम रोजची कवायत करायची.

नागरी मालकाला कवायत नव्हती, पण शिकार होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संपली. ज्या माळावर काळवीट मारत, त्याच नान्नज परिसरात १९७९ साली माळढोकाचं अभयारण्य झालं. ऐंशीच्या दशकात परदेशी रायफलींची आयातही सर्वसामान्यांसाठी बंद झाली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली. काडतुसं तर परवान्यावर मोजूनच मिळतात. गोळ्या झाडून बोल्ट मोकळा करायची सोय अशी राहिलीच नाही आणि तिथेच पेस्टला वाट मिळाली. गिरण्या आणि यंत्रमागांच्या या शहरात फिटरचा हात आणि व्हॉल्व्ह घासायची पेस्ट दोन्ही सहज मिळतात.

पण इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि बोल्टचा लग यांत मोठा फरक आहे. लगच्या पोलादावर कडक केलेला थर पातळ असतो आणि आतलं पोलाद त्यामानाने मऊ. पेस्टने तो थर कापला गेला की पुढची झीज थांबत नाही. शिवाय पेस्टचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि पुसून घेतल्यावरही घासत राहतात. लग झिजला की बोल्ट मागे सरकतो. ३१५ चं काडतूस बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकणारं आहे. मागे जागा वाढली की बार उडताना केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, ताणली जाते आणि वारंवार तसं झालं तर बुडाजवळ तुटू शकते. नेमबाजाचा चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो. ही जोखीम हलक्यात घेण्यासारखी नाही.

आणि ज्या जडपणासाठी हे सगळं करायचं, त्यातला बराचसा घर्षणाचा नसतोच. ली पद्धतीत बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या सुईची, स्प्रिंग दाबली जाते. माउझर ९८ या जर्मन रायफलीत तोच जोर हँडल उचलताना लागतो, म्हणून ती ढकलताना हलकी वाटते. स्प्रिंगचा जोर कितीही घासलं तरी कमी होत नाही.

खरं घर्षण असतं ते मशीनिंगच्या बारीक रेघांचं, आणि ते रोजच्या सरावाने जातं. मॅगझिन आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामे आहेत हे डोळ्यांनी नि बोटाने तपासायचं, लगच्या मागच्या बाजूला ग्रीसचा पुसट थर द्यायचा, बोल्टच्या अंगावर पातळ तेलाचा हात फिरवायचा आणि सावकाश उघडझाप करायची. तेल काळं पडलं की पुसून नवं लावायचं. त्या काळेपणात झिजलेल्या रेघांचंच पोलाद असतं. ज्वारीच्या मळणीत किंवा उन्हाळ्याच्या धुळीत जास्त तेल मात्र नको. काळ्या मातीची धूळ त्यात बसली की तीच पेस्टचं काम करते.

एवढं करूनही बोल्ट एकाच जागी अडत असेल, तर तो परवानाधारक कारागिराकडे न्यावा. १९५९ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे तो नेता येत नाही. लष्करात ली-एनफील्डच्या पुढच्या नंबर ४ नमुन्याच्या रायफलींसाठी ० ते ३ अशा चार मापांची बोल्टहेड, म्हणजे बोल्टची सुटी पुढची टोकं, होती. काडतुसामागची जागा वाढली की आर्मरर मोठं हेड बसवायचा. ३१५ जुन्या नमुन्यावरची असल्याने ती हेड तिला बसत नाहीत.