हिब्रू लोकांचे धार्मिक महत्त्व

हिब्रू लोकांचे धार्मिक महत्त्व : पश्चिम आशियातील कनान प्रदेशाच्या डोंगराळ पट्ट्यात इ. स. पू. तेराव्या शतकाच्या सुमारास इतिहासाला ज्ञात झालेल्या आणि पुढे इस्राएली व यहुदी (ज्यू) म्हणून ओळखल्या गेलेल्या लोकांचे धर्मेतिहासातील स्थान. शेजारच्या मिसर (इजिप्त), अ‍ॅसिरिया आणि बाबेल (बॅबिलोन) या सत्तांपुढे हे लोक संख्येने थोडे आणि बळाने तोकडे होते. त्या साम्राज्यांचे देव साम्राज्यांबरोबरच मातीआड गेले. हिब्रूंचा देव मात्र त्यांचे राज्य, राजधानी आणि मंदिर नष्ट झाल्यावरही पुजला जात राहिला. त्यांचे वेगळेपण इथे आहे, आणि त्याचा उलगडा बव्हंशी ‘करार’ या कल्पनेतून होतो.

‘हिब्रू’ हा शब्द (मराठी बायबलमध्ये ‘इब्री’) परंपरेने ‘ओलांडणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. त्यांचा मूळपुरुष अब्राहाम नदीपलीकडून आला म्हणून तो इब्री. इ. स. पू. चौदाव्या शतकातील अमार्ना पत्रांत (मिसरच्या राजदरबाराच्या पत्रव्यवहारात) ‘आपिरू’ नावाच्या उपद्रवी टोळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. तथापि तो शब्द वंशाचा नसून समाजाबाहेर पडलेल्यांच्या स्थितीचा वाचक दिसतो, त्यामुळे त्याचे ‘इब्री’शी नाते वादग्रस्त राहिले आहे. हे लोक स्वतःला बहुधा ‘इस्राएल’ म्हणवत; ‘इब्री’ हे नाव परक्यांच्या तोंडी किंवा परक्यांना ओळख सांगताना येते, जसे वादळात सापडलेल्या गलबतावर खलाशांनी विचारल्यावर योना आपण इब्री असल्याचे सांगतो. ‘इस्राएल’ या नावाचा बायबलबाहेरचा सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या सु. इ. स. पू. १२०८ च्या शिलालेखात आहे. इस्राएल उजाड झाला, त्याचे बीजही उरले नाही, अशी बढाई त्यात मारलेली आहे.

मराठी वाचकाला ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ ही नावे इतकी सरावाची झाली आहेत की त्यांतला करार हा व्यवहारातला, अटी आणि साक्षीदार असलेला करार आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. प्राचीन पश्चिम आशियात सम्राट आणि मांडलिक यांच्यात तह होत. त्यांत सम्राटाने केलेल्या उपकारांचा पाढा, मग मांडलिकाने पाळायच्या अटी आणि शेवटी मोडणाऱ्याला शाप असत. अ‍ॅसिरियाचा राजा एसर-हद्दोन याने इ. स. पू. ६७२ मध्ये घेतलेल्या निष्ठेच्या शपथांतील शाप आणि बायबलमधील अनुवाद या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायातील शाप यांत लक्षणीय साम्य आहे. हिब्रूंनी हा राजकीय साचा उचलला आणि सम्राटाच्या जागी देवाला बसवले. दशाज्ञांची सुरुवातही उपकाराच्या स्मरणाने होते: तुम्हांला मिसरच्या दास्यातून बाहेर काढणारा तो मी. मगच आज्ञा येतात.

या एका बदलाचे परिणाम दूरवर गेले. निष्ठा देवाशी बांधलेली असल्याने राजाही कराराच्या कक्षेत आला. अहाब राजाला नाबोथाचा वाड्याशेजारचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथाने वडिलोपार्जित जमीन देण्यास नकार दिला, तेव्हा राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करवला. आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तर तिथे एलीया हा संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा) त्याला जाब विचारायला आला. मिसरमध्ये राजाच देव मानला जात असे. तिथे अशा कथेला जागा नव्हती. शब्बाथाची आज्ञाही याच मुशीतली आहे. सातव्या दिवशीची विश्रांती घरधन्याबरोबर दास-दासी, गुरेढोरे आणि परका या सर्वांना बंधनकारक होती, आणि अनुवाद या ग्रंथात तिचे कारण दिले आहे ते ‘तूही मिसरात दास होतास’ हे.

निर्गमाची कथा, म्हणजे मोशेच्या नेतृत्वाखाली मिसरमधून झालेली सुटका, बायबलमध्ये वर्णिली आहे त्या प्रमाणावर घडल्याचा पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही. कनानच्या डोंगरांतील सुरुवातीच्या वस्त्यांची भांडीकुंडी स्थानिक कनानी परंपरेतलीच आहेत, त्यामुळे या लोकांपैकी बरेचसे मूळचे तिथलेच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. धर्मेतिहासाच्या दृष्टीने मात्र या कथेचे वजन त्याने घटत नाही. एखाद्या जमातीने आपला उगम देवकुळात किंवा राजकुळात न शोधता गुलामीत शोधावा, ही गोष्ट प्राचीन जगात विरळाच. वल्हांडण सणाच्या रात्री बेखमीर भाकरी आणि कडू भाजी खात तीच आठवण दर वर्षी जागवली जाते.

एकेश्वरवाद हिब्रूंकडे पहिल्यापासून सिद्ध रूपात होता, असे म्हणता येत नाही. सीनायमधील कुंतिल्लत अजरूद येथे सापडलेल्या, सु. इ. स. पू. ८०० च्या रांजणांवर ‘याव्हे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावे आशीर्वाद लिहिलेले आहेत; याव्हे हे हिब्रूंच्या देवाचे नाव, तर अशेरा ही कनानी देवी. इतर देव आहेत, पण आपण एकालाच भजायचे, अशी आधीची भूमिका असावी. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अ‍ॅसिरियाने उत्तरेचे इस्राएल राज्य बुडवले, इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम आणि तेथील मंदिर जाळले व यहूदा या दक्षिणेकडील राज्यातील प्रमुख लोकांना बंदिवासात नेले. देशाचा देव हरला, असा त्या काळच्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ व्हायला हवा होता. संदेष्ट्यांनी तो उलटा लावला: करार आपण मोडला, म्हणून आपल्याच देवाने बाबेलला हत्यार केले. यशयाच्या ग्रंथातील बंदिवासकालीन वचनांत दुसरा देव नाहीच, हे प्रथम इतक्या निःसंदिग्धपणे मांडलेले आढळते. यिर्मयाने बंदिवानांना पत्र लिहून तिथेच घरे बांधा, मळे लावा आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे कळवले. देव भूमीला बांधलेला नाही, याचा याहून व्यावहारिक पुरावा शोधूनही सापडणार नाही.

बंदिवासाच्या थोडे आधीचा एक अवशेष इथे नोंदवण्याजोगा आहे. यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत १९७९ मध्ये चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या. गळ्यात ताईत म्हणून घालायच्या या गुंडाळ्या फाटू न देता उलगडायलाच काही वर्षे गेली. त्यांवर ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो’ हा याजकांचा आशीर्वाद कोरलेला होता. इ. स. पू. ६०० च्या सुमाराचा हा मजकूर बायबलमधील वचनाचा सर्वांत जुना ज्ञात लिखित नमुना असून तो आशीर्वाद आजही सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनागृहात) आणि चर्चमध्ये उच्चारला जातो.

‘निवडलेले लोक’ या कल्पनेवरून या परंपरेवर अहंकाराचा आरोप नेहमी होतो, तो पूर्णतः निराधार नाही. पण खुद्द संदेष्ट्यांनीच ती कल्पना सर्वांत कठोरपणे तपासली. आमोसाच्या तोंडून देव म्हणतो की, सर्व कुळांपैकी तुम्हांलाच मी जवळ केले, म्हणूनच तुमच्या अपराधांचा झाडा घेईन. निवड म्हणजे सवलत नव्हे, जादा जबाबदारी, असा त्याचा रोख आहे.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी बंदिवासानंतर उभारलेले दुसरे मंदिरही पाडले. यज्ञयाग थांबले आणि ग्रंथपठण, प्रार्थना व गृहविधी यांवर यहुदी धर्म नव्याने उभा राहिला. ख्रिस्ती धर्माने ‘नवा करार’ हा शब्दप्रयोगच यिर्मयाकडून घेतला. हिब्रूंचे धर्मग्रंथ टाकून द्यावेत, असे दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती विचारवंताने सुचवले, तेव्हा रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्यालाच बाहेर काढले. इस्लाममध्ये इब्राहिम (अब्राहाम) आणि मुसा (मोशे) हे पैगंबर आहेत, कुराणात सर्वाधिक वेळा नाव येते ते मुसाचे, आणि सुरुवातीच्या काळात नमाजाची दिशाही यरुशलेमची होती.

महाराष्ट्रात हा वारसा कोकणातील बेने इस्राएल समाजाने जपला. नवगावजवळ गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. धर्मग्रंथ हाती नसताना, मंदिर नसताना, पिढ्यान्‌पिढ्या ‘शमा’ ही एकेश्वराची घोषणा, सुंता आणि शब्बाथ एवढे त्यांनी धरून ठेवले. तेलाचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. नवस फेडताना किंवा लग्नकार्यात ते ‘मलिदा’ करतात: गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे अहाबाला जाब विचारणाऱ्या त्याच एलीयाचे, स्मरण केले जाते. अलिबागजवळच्या खंडाळे गावात खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात, आणि त्या जागेला समाजात ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ असे नाव आहे.