लंडनच्या गिल्डमध्ये प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

डोंगराच्या पोटात कोरलेलं बुटक्या कारागिरांचं नगर, तिथे लोहार, सोनार आणि कातडी कमावणाऱ्यांच्या गिल्डांचं, म्हणजे व्यवसायसंघांचं, राज्य, आणि मिरवणुकीत पुढे कोण यावरून हाणामाऱ्या. कल्पनारम्य खेळांमधल्या या नगरांचा साचा मध्ययुगीन युरोपातल्या शहरांचा आहे. त्यातलं एक शहर अजून चालू आहे आणि तिथल्या गिल्डमध्ये आजही रीतसर अर्ज करून शिरता येतं. ते म्हणजे सिटी ऑफ लंडन, थेम्सकाठचा जेमतेम एक चौरस मैलाचा जुना भाग. सगळ्या महानगराचा मेयर वेगळा आणि या सिटीचा लॉर्ड मेयर वेगळा. या लॉर्ड मेयरच्या निवडणुकीतली पहिली फेरी गिल्डांच्या हातात असते.

हाणामारीचं म्हणाल तर ती गोष्टीपुरती नव्हती. फरचा व्यापार करणारे स्किनर्स आणि शिंपी मर्चंट टेलर्स यांच्यात मानाच्या क्रमावरून वैर होतं. १४८४ साली मेयरने निवाडा केला: एक वर्ष एकाने सहावं राहायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्याने, आणि दरवर्षी एकमेकांना जेवायला बोलवायचं. हा निवाडा आजही पाळला जातो.

आता अर्जाकडे. इथल्या गिल्डांना लिव्हरी कंपनी म्हणतात आणि त्या ११० हून अधिक आहेत. बहुतेकांचा गोंधळ होतो तो तीन दर्जे एकच समजल्यामुळे. पहिला दर्जा कंपनीचा फ्रीमन, म्हणजे रीतसर दाखल झालेला सभासद, दुसरा सिटीचा फ्रीमन, तिसरा कंपनीचा लिव्हरीमन, म्हणजे लिव्हरी (कंपनीचा खास पोशाख) मिळालेला वरच्या दर्जाचा सभासद. क्रमही हाच. सिटीचा फ्रीमन झाल्याशिवाय कंपनी तुम्हाला लिव्हरीचा झगा चढवू शकत नाही, मग कंपनीत तुमची कितीही ओळख असो. शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या दर्जासाठी कंपनीकडे जायचं असतं, मधल्यासाठी गिल्डहॉलमधल्या, म्हणजे सिटीच्या मुख्यालयातल्या, चेंबरलेन्स कोर्टाकडे. नावात कोर्ट असलं तरी तिथे खटले चालत नाहीत, ते नोंदणीचं कार्यालय आहे.

कंपनीत शिरायला मुख्य दारं तीन.

शिकाऊ उमेदवारी: कंपनीच्या फ्रीमनच्या हाताखाली करारपत्र करून काम शिकायचं. परंपरेने मुदत सात वर्षांची, आता बहुतेक ठिकाणी कमी. सोनारांच्या गोल्डस्मिथ्स कंपनीत शेवटी स्वतःच्या हाताने एक परीक्षेचा नग घडवून दाखवावा लागतो. यात चूक होते ती सुरुवातीलाच. कारखान्यात नुसती नोकरी केली तर ती कितीही वर्षांची असली तरी उमेदवारीत धरली जात नाही. करारपत्र कंपनीत नोंदलेलं हवं आणि मालक स्वतः त्या कंपनीचा फ्रीमन हवा.

वारसाहक्क: आई किंवा वडील फ्रीमन असतील तर. पण पाहिली जाते ती तुमच्या जन्माची तारीख. तुमचा जन्म झाला तेव्हा ते आधीच फ्रीमन असायला हवेत. त्यामुळे एकाच घरात धाकट्या बहिणीला हक्क आहे आणि थोरल्या भावाला नाही, असं होऊ शकतं. आई-वडिलांच्या प्रवेशाची तारीख कंपनीच्या नोंदवहीतून आधी काढून घ्या, मगच फॉर्म भरा.

शुल्क भरून प्रवेश: बाहेरून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा मार्ग हाच. साधारणपणे कंपनीतले दोन सभासद तुमचं नाव सुचवतात, कंपनीचा क्लार्क कागद पाहतो, समिती भेटीला बोलावते आणि मग कंपनीचं संचालक मंडळ निर्णय देतं. क्लार्क हे इथे मोठं पद आहे, कंपनीचा सगळा कारभार तोच पाहतो. पत्र लिहिताना हे ध्यानात असू द्या.

व्यवसायाची अट प्रत्येक कंपनीत वेगळी आहे आणि अर्ज फसतात ते बहुतेक इथेच. जुन्या बड्या कंपन्यांपैकी अनेकांत त्या धंद्याशी संबंध असण्याची सक्ती उरलेली नाही, पण ओळखीशिवाय तिथे दार किलकिलंही होत नाही. नव्या कंपन्यांचं उलटं आहे: व्यवसाय जुळला तर स्वागत. माहिती तंत्रज्ञानवाल्यांची कंपनी १९९२ साली शंभरावी लिव्हरी कंपनी झाली. लंडनमध्ये संगणक क्षेत्रात मुरलेल्या मराठी माणसाने मासळीवाल्यांच्या किंवा मीठवाल्यांच्या कंपनीच्या रुबाबाला भुलण्याआधी ही कंपनी पाहावी. चर्चच्या कारकुनांची पॅरिश क्लार्क्स आणि थेम्सवरच्या नावाड्यांची वॉटरमेन अँड लायटरमेन या दोन कंपन्यांना लिव्हरीच नाही, म्हणजे तिथे तिसरी पायरी मिळणार नाही.

कंपनीने तुम्हाला फ्रीमन करून घेतलं की सिटीचा अर्ज. अर्जदार १८ वर्षांवरचा हवा. दिवाळखोरी आणि गुन्ह्यांबाबत जाहीर करावं लागतं. राष्ट्रीयत्वाची अट नाही, भारतीय पासपोर्ट चालतो. कागद थोडेच असतात, पण त्यात ढिलाई चालत नाही:

भरलेला अर्ज आणि कंपनीने प्रवेश दिल्याचा कागद
पासपोर्ट
आई-वडिलांच्या नावांसह सविस्तर जन्मदाखला
नाव बदललं असल्यास विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचा कायदेशीर पुरावा

आपल्याकडच्या अर्जदारांचं घोडं अडतं ते जन्मदाखल्यावर. आपल्याकडे जन्माची नोंद बाळाचं नाव ठरायच्या आधी होते, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर नावाचा रकाना कोरा सापडतो. असा दाखला पुढे करू नका. महानगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात आता नाव चढवता येतं का ते आधी विचारा, आणि येत असेल तर नाव चढवून नवा दाखला घ्या. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. दुसरी अडचण नावाच्या घडणीची. दाखल्यावर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्याने, लग्नानंतर मधलं नाव पतीचं. फ्रीडमच्या, म्हणजे फ्रीमन झाल्याच्या, प्रमाणपत्रावर तुमचं नाव सुलेखनकार हाताने लिहितो आणि ते फ्रेम करून भिंतीवर लागणार असतं. त्यामुळे नाव कसं हवं ते अर्जातच एकदा नीट ठरवून द्या.

शुल्क भरून आलेल्यांचे अर्ज मंजुरीसाठी वर जातात. उमेदवारी किंवा वारसाहक्काने आलेल्यांना हा टप्पा लागत नाही, कारण त्यांचा तो हक्कच मानला जातो. मंजुरी बैठकीत मिळते आणि बैठका ठरलेल्या तारखांना होतात, म्हणून एक बैठक हुकली की पुढचीची वाट पाहणं आलं. लंडनबाहेर राहत असाल तर समारंभाची तारीख हाती येईपर्यंत तिकिटं काढू नका.

कंपनीच्या वाटेला न जाताही सिटीचा फ्रीमन होता येतं. सिटीच्या कॉमन कौन्सिलचे (निवडलेल्या सभेचे) सदस्य, ऑल्डरमन (सिटीचे ज्येष्ठ नगरसेवक) किंवा लिव्हरीमन यांच्यातले दोघे तुमचं नाव सुचवू शकतात. ही वाट छोटी, पण ती दुसऱ्या पायरीवरच संपते. पुढे लिव्हरी हवी असेल तर कंपनीचं दार ठोठवावंच लागतं.

समारंभ गिल्डहॉलमध्ये होतो आणि अर्ध्या तासात आटोपतो. घरच्यांना नेता येतं. तुम्ही फ्रीमनची प्रतिज्ञा वाचता, नोंदवहीत सही करता, चेंबरलेन (सिटीचे खजिनदार) किंवा त्यांचा अधिकारी हात मिळवून तुम्हाला लंडनचा नागरिक म्हणून संबोधतो आणि सद्वर्तनाच्या नियमांची एक छोटी पुस्तिका देतो. या नागरिकत्वाचा ब्रिटिश पासपोर्टशी, व्हिसाशी किंवा तिथे राहण्याच्या परवान्याशी काडीचाही संबंध नाही. कोणी एजंट तसं सांगून पैसे मागत असेल तर त्याला वाटेला लावा.

खर्च दोन ठिकाणी होतो: सिटीचं शुल्क एकदाच, कंपनीचं प्रवेशाच्या वेळी आणि पुन्हा लिव्हरी घेताना. शिवाय बऱ्याच कंपन्यांची वार्षिक वर्गणी असते. आकडे कंपनीगणिक फार वेगळे असल्याने क्लार्ककडून लेखी मागवा, आणि मेजवान्यांचा खर्च यात धरलेला आहे का तेही विचारा. तो सहसा नसतो.

सोनारकाम करणाऱ्यांसाठी एक खुलासा. गोल्डस्मिथ्स कंपनीचा फ्रीमन होणं आणि दागिन्यांवर लंडनचा हॉलमार्क मारून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉलमार्कसाठी सभासदत्व लागत नाही. कंपनीच्या परीक्षण कार्यालयात स्वतःची खूण नोंदवावी लागते, त्यात किमान दोन अक्षरं असतात. सोन्याच्या १ ग्रॅमहून आणि चांदीच्या ७.७८ ग्रॅमहून जड वस्तूला हॉलमार्क सक्तीचा आहे. भारतातला बीआयएसचा हॉलमार्क तिथे धरला जात नाही. पुण्याहून नेलेली बांगडी तिथे सोनं म्हणून विकायची तर ती पुन्हा तपासून घ्यावी लागते.

लिव्हरी मिळाली म्हणजे लगेच मत मिळतं असं नाही. तुमचं नाव मतदानाच्या लिव्हरी यादीत चढलेलं हवं, तेव्हा कंपनीने ते पाठवलं का हे विचारून ठेवा. शेरीफांची, म्हणजे लॉर्ड मेयरच्या जोडीच्या मानाच्या अधिकाऱ्यांची, निवड २४ जूनच्या सुमारास आणि लॉर्ड मेयरची २९ सप्टेंबरच्या सुमारास होते. लॉर्ड मेयरसाठी लिव्हरीमन दोन नावं पुढे करतात, त्यातलं एक ऑल्डरमन निवडतात. दारावर कंपन्यांचे बीडल, म्हणजे झगा घातलेले मानकरी सेवक, आपापल्या सभासदांना चेहऱ्याने ओळखून आत सोडतात. नव्या लिव्हरीमनने निवडणुकीआधी कंपनीच्या एक-दोन कार्यक्रमांना तोंड दाखवून ठेवावं, आणि आलेलं निमंत्रणपत्र खिशात ठेवावं.