छोट्या कॅटामरानचं शीड बदलताना

शीड फाटलं की बदलायचं, असा अनेकांचा हिशेब असतो. पण फाटण्याच्या कितीतरी आधीच ते निकामी होऊ लागतं. वारा पाठीमागून असेल तेव्हा शीड नुसतं वाऱ्याच्या आड उभं राहतं. वारा बाजूने किंवा पुढून तिरका येत असेल, तर मात्र ते विमानाच्या पंखाप्रमाणे काम करतं. फुगीर पाठीवरून हवा वळून जाते, तिथला दाब घटतो आणि बोट पुढे ओढली जाते. म्हणून फुगवटा किती खोल आहे आणि कुठे आहे, हे महत्त्वाचं. बहुतेक शिडांत त्याची खोली रुंदीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते आणि सर्वांत खोल जागा पुढच्या कडेपासून साधारण ४० ते ४५ टक्क्यांवर. कापड सैल पडलं की खोली वाढते आणि ती जागा मागे सरकते. तेवढाच वारा मग बोटीला पुढे कमी नेतो आणि बाजूला जास्त ढकलतो.

कॅटामरान म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन सांगाड्यांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या दोन भागांची बोट. तिला हा दोष जास्त जाचतो. होबी १६ हेच उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टर यांची ही बोट १९७०च्या सुमारास आली. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन दीडशे किलोच्या आतबाहेर आणि त्यावर २० चौरस मीटरचं शीड. झोत आला की एका सांगाड्याची बोट कलते आणि थोडा वारा शिडावरून निसटून जातो. दोन सांगाड्यांची रुंद बोट सहजासहजी कलत नाही, त्यात खलाशी ट्रपीझच्या, म्हणजे डोलकाठीवरून येणाऱ्या तारेला बोटीबाहेर लटकून तिला आणखी दाबून धरतात. मग झोताचा सगळा जोर शिडावर येतो.

शिवाय बोट वेगवान असल्यामुळे वाराही बदलतो. समजा वारा बरोबर बाजूने १२ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) येतोय आणि बोट ५ नॉटने चाललीय. शिडाला जाणवणारा वारा १३ नॉटचा असेल. बोटीने १२ नॉट गाठले, तर तोच वारा १७ नॉटचा होतो आणि काटकोनाऐवजी ४५ अंशांवर, म्हणजे बराच पुढून येऊ लागतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १३चे १७ होताना तो सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. पुढून येणाऱ्या एवढ्या वाऱ्यात पोट सुटलेलं शीड निव्वळ ओझं ठरतं. कॅटामरानला सपाट आणि सपाटच राहणारं शीड हवं.

इथे कापडाची वीण कामाला येते. एक सुती रुमाल घ्या. उभ्या किंवा आडव्या धाग्यांच्या दिशेने ओढला तर फारसा ताणला जात नाही, कोपऱ्याकडून तिरका ओढला की लगेच वेडावाकडा होतो. शिडाचंही तेच होतं. आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं कापड म्हणजे डॅक्रॉन, अर्थात पॉलिस्टर. १९४१ साली इंग्लंडमध्ये शोधला गेलेला हा धागा टेरिकॉटच्या शर्टांतून आपल्या घराघरांत पोचला. शिडासाठी तो फार घट्ट विणतात आणि वर राळेचा थर देऊन धागे जागच्या जागी बसवतात. तिरका ताण हा थर पेलतो. फडफडण्याने आणि घड्या घालण्याने तोच आधी मोडतो, आणि ऊन धाग्याची ताकद खातं. जुनं शीड हातात घेऊन चुरगळा. नवं कापड कागदासारखं करकरतं, संपलेलं मऊ लागतं. शिवणीवरून नखही फिरवून बघा, कारण उन्हाने बहुधा शिवणीचा दोरा कापडाआधी जातो.

डॅक्रॉनला पर्याय म्हणजे मायलरची, म्हणजे पॉलिस्टरच्याच पातळ पापुद्र्याची फिल्म चिकटवलेलं कापड. फिल्म तिरकी ताणली जात नाही, आकार नेमका राहतो. पण वारंवार घड्या पडल्या की थर सुटू लागतात. वाळूवर बोट ओढून हौसेने फिरणाऱ्यांनी डॅक्रॉनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. होबी १६च्या अधिकृत शर्यतींत उतरायचं असेल, तर प्रश्नच मिटतो. तिथे कंपनीचीच मान्यताप्राप्त शिडं चालतात.

दरपत्रकं ताडून बघताना कापडाच्या वजनाकडे नीट लक्ष द्या. अमेरिकेत शिडाच्या कापडाचं वजन ३६ बाय २८.५ इंचांच्या तुकड्यावर सांगतात, पूर्ण चौरस यार्डावर नाही. तिथलं ५ औंसांचं कापड म्हणजे चौरस मीटरला सुमारे २१४ ग्रॅम. साध्या चौरस यार्डाने मोजलेल्या ५ औंसांपेक्षा ते पाव पटीने जड असतं.

दुसऱ्या बोटीचं त्याच मापाचं शीड स्वस्तात मिळालं, तरी मोह टाळावा. शिडाची पुढची कड सरळ कापलेली नसते. डोलकाठी ताणाखाली जितकी वाकते, त्या हिशेबाने तिला गोलाई देतात. डोलकाठी वेगळी असली की सगळा हिशेब बिघडतो आणि शिडावर तिरक्या सुरकुत्या पडतात.

बॅटन, म्हणजे शिडात आडव्या घातलेल्या पट्ट्या, चांगल्या असतील तर जुन्याच चालतात. मात्र त्या नव्या खिशांत घालून लांबी तपासा. जास्त आवळल्या तर फुगवटा वाढतो, म्हणून खिशाच्या कडेच्या सुरकुत्या नाहीशा होण्यापुरताच ताण द्या. बोट किनाऱ्याला लागली की तो सैल करा आणि शीड घडी न घालता गुंडाळून ठेवा.